लॉबिस्ट : दलाल की व्यावसायिक?

अमेरिकेत एखादी कंपनी, व्यापारी संघटना, विद्यापीठ किंवा रुग्णसंघटना यांची बाजू कायदेमंडळापुढे व सरकारी खात्यांपुढे मोबदला घेऊन मांडणाऱ्यास लॉबिस्ट म्हणतात. तो मुळात लाच पोहोचवणारा दलालच असतो, हा समज भारतात पक्का आहे आणि अमेरिकेतही दुर्मीळ नाही. वस्तुतः शासनाकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क तेथील राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने १७९१ मध्येच मान्य केला असून लाच देणे हा निराळा फौजदारी गुन्हा आहे. १९९५ च्या कायद्यानुसार लॉबिस्टची नोंदणी आवश्यक आहे. पुढे जॅक अब्रामॉफ या लॉबिस्टने २००६ मध्ये कटकारस्थान, फसवणूक व करचुकवेगिरीचे गुन्हे कबूल केल्यावर, २००७ च्या कायद्याने भेटवस्तू आणि मेजवान्यांवरील बंधने कडक केली व खर्चाचा तपशील दर तिमाहीस देणे भाग पाडले.

या मेजवान्यांमुळेच लॉबिस्टचा दिवस गाठीभेटींत जातो असे मानले जाते. प्रत्यक्षात त्याचा बराचसा वेळ वाचनात, म्हणजे विधेयकाचे मसुदे, दुरुस्त्या आणि सरकारी खात्यांनी हरकतींसाठी प्रसिद्ध केलेले नियम चाळण्यात जातो. रिचर्ड हॉल आणि ॲलन डिअरडॉर्फ या अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार लॉबिस्ट विरोधकाचे मन वळवण्याऐवजी मुख्यतः आधीच अनुकूल असलेल्या सदस्याला माहिती, आकडे व मसुदे पुरवतो, म्हणजे त्याच्या अपुऱ्या कार्यालयाला जणू अनुदानच देतो. हे स्पष्टीकरण लाचेच्या कल्पनेपेक्षा कमी रोमांचक असले तरी अधिक पटणारे आहे.

पैसा ओतला की कायदा बदलतो, हेही तितकेसे खरे नाही. फ्रँक बॉमगार्टनर व सहकाऱ्यांनी ९८ प्रश्नांचा मागोवा घेऊन २००९ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात बहुतेक प्रश्नांवर चार वर्षांनंतरही स्थिती जैसे थे राहिली आणि साधनसंपत्ती व यश यांचा संबंध क्षीण असल्याचे आढळले. अर्थात, जैसे थे राखणे हेच ज्याचे उद्दिष्ट असते, त्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष विजयाचाच आहे.

राजकीय रणनीतीकाराचे काम यापासून वेगळे असते. तो निवडणूक जिंकून देतो, लॉबिस्ट निवडून आलेल्यांकडे जातो. मात्र १९८० मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक, मॅनाफोर्ट अँड स्टोन या संस्थेने दोन्ही व्यवसाय एका छत्राखाली आणले, आणि तेव्हापासून ही सीमारेषा पुसट झाली आहे.

सर्वांत टिकून राहिलेला गैरसमज म्हणजे नोंदणीमुळे सारे उघड होते हा. २०१२ च्या डिसेंबरमध्ये वॉलमार्टच्या लॉबिंग-खर्चाच्या तिमाही अहवालांवरून, भारतीय बाजारपेठेत प्रवेशासाठी कंपनीने सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चल्याचा आरोप होऊन भारतीय संसदेत गदारोळ झाला. वास्तविक ती रक्कम २००८ पासूनच्या अनेक विषयांची मिळून होती आणि भारतातील गुंतवणूक हा त्यांपैकी एक विषय होता. कोणत्या सदस्याची भेट घेतली, हे सांगणे कायद्याने बंधनकारक नाही. शिवाय एखाद्या ग्राहकासाठीच्या कामात लॉबिंगचा वेळ वीस टक्क्यांहून कमी असेल, तर नोंदणीच लागत नाही. सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते राहिलेले टॉम डॅशल २००५ पासून वकिली संस्थांमध्ये धोरण सल्लागार म्हणून काम करत होते. लॉबिस्ट म्हणून त्यांची नोंद झाली ती २०१६ मध्ये.