कोयनेचे पावणेचार तास

आमच्या सावर्ड्यात संध्याकाळी सात वाजता काय होते ते पाहा. बाजारपेठेत दिवे लागतात, घराघरांत पंखे आणि मिक्सर फिरू लागतात. आणि नेमक्या त्याच वेळी गच्चीवरचे सौर पत्रे निकामी झालेले असतात. वर्षाला किती युनिटे वीज लागेल, एवढाच नियोजनाचा प्रश्न आहे असे पुष्कळांना वाटते. खरा पेच ती केव्हा लागेल, हा आहे.

या पेचावरचा उतारा आमच्या चिपळूण तालुक्यातच, पोफळी-कोळकेवाडी भागात आहे. कोयनेचे पाणी बोगद्यांतून घाट उतरते आणि जनित्रे फिरवते. कोळशाचे थंड केंद्र चालू व्हायला कित्येक तास लागतात. पाण्याचे काही मिनिटांत चालू होते. मग कोयना दिवसभर का चालवीत नाहीत? कागद-पेन्सिल घ्या.

एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. दोन्ही उतार मिळून ते सुमारे ५८० मीटर खाली येते. वस्तुमान, गुरुत्वत्वरण व उंची यांचा गुणाकार येतो सुमारे ५७ लाख ज्यूल. ३६ लाख ज्यूलचे एक युनिट. घट वजा जाता १.४ युनिट धरू. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या १९७६च्या निवाड्याने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटरची मर्यादा घातली. त्यापासून २६७ कोटी युनिटे मिळतात. इकडची सारी जनित्रे मिळून १९२० मेगावॅटची. पूर्ण जोराने ती तासाला १९.२ लाख युनिटे देतील. भागाकार करा. दिवसाला जेमतेम पावणेचार तास!

हे तास खर्चायचे केव्हा? दुपारी ऊन असताना सौर वीज वापरली, तर पाणी संध्याकाळसाठी उरते. पण जुलैत कोकणात ऊन कुठले? तेव्हा घाटावर, पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर वारा जोरात असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. गंमत अशी, की सूर्य रजेवर असताना पवनचक्क्या भरात असतात.

अडचण आहे ती एप्रिल-मेच्या रात्रींची. ऊन मावळलेले, पावसाळी वारा दूर, धरण उतरत चाललेले आणि पंखे मात्र सारे चालू. हिवाळ्यात पाणी सढळ हाताने सोडणाऱ्या अभियंत्याला याच रात्री घाम फुटतो. एक तोड घाटघरला २००८पासून आहे: जादा विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडायचे. घातलेल्या १०० युनिटांतली सुमारे ७५ परत मिळतात. मला हा तोटा महाग वाटत नाही. दुपारची फुकट जाणारी सौर वीज त्यासाठी वापरता येईल.

आज घरच्या मीटरवरचा आकडा संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला टिपून ठेवा. त्यातले प्रत्येक युनिट कोयनेचे असेल, तर त्यासाठी सुमारे ७१५ लिटर पाणी सह्याद्री उतरलेले असेल.