विमानांतील एक आणा हिस्सा

जुन्या मराठी दस्तऐवजांत जमिनीचा, विहिरीचा किंवा व्यापाराचा हिस्सा आण्यांत सांगण्याची रीत होती. रुपयाचे आणे १६. तेव्हां एक आणा हिस्सा म्हणजे सोळावा भाग. हाच सोळावा भाग आज अमेरिकेंत एका निराळ्या मालमत्तेच्या संबंधांत आढळतो. ती मालमत्ता म्हणजे धनिकांचीं व उद्योगपतींचीं खाजगी जेट विमानें. तेथील नियमांनीं अशा विमानाच्या अंशमालकीचा लहानांत लहान वांटा सोळावा भाग ठरविला आहे.

संपूर्ण विमान बाळगणें फार खर्चाचें असतें. वैमानिकांचे पगार, विमा व हँगरचें भाडें हे खर्च विमान उडो वा न उडो, चालूच राहतात. आणि एकट्या मालकाचें विमान पुष्कळ वेळ जमिनीवरच उभें असतें. या अडचणींतून मार्ग काढला तो रिचर्ड सॅन्टुली या गणितज्ञानें. १९६४ सालीं स्थापन झालेली ‘एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन’ ही ओहायो राज्यांतील कंपनी त्यानें १९८४ सालीं विकत घेतली आणि १९८६ सालीं ‘नेटजेट्स’ या नांवानें अंशमालकीची योजना सुरू केली.

या योजनेंत एका विमानाचे वर्षाला ८०० तास धरलेले असतात. सोळाव्या भागाच्या मालकास त्यांतील ५० तास मिळतात, आठव्या भागाच्या मालकास १००. त्याचें देणें तीन प्रकारचें असतें: वांट्याची किंमत एकदां, व्यवस्थापनाची रक्कम दरमहा, आणि उड्डाणाचा आकार तासागणिक. त्याला उतरवून विमान रिकामें परत गेलें, तर तो वेळ त्याच्या तासांतून सामान्यतः वजा होत नाहीं.

विहिरीची उपमा मात्र येथें अपुरी पडते. सामायिक विहिरीवर प्रत्येक भागीदाराची पाळी ठरलेली असते. विमानप्रवास असा वारांनीं बांधतां येत नाहीं. एकाच सकाळीं तिघां भागीदारांना निघावयाचें असलें, तर काय करावें? त्याची तोड अशी कीं, कोणीं आपल्याच विमानाचा आग्रह धरावयाचा नाहीं. सर्व मालक करारानें आपापलीं विमानें परस्परांस वापरावयास देतात, आणि कंपनी स्वतःचींही कांहीं विमानें हाताशीं ठेवते. त्यामुळें कांहीं तास आधीं सूचना दिली कीं त्या प्रकारचें एखादें विमान हजर होतें. ज्या विमानाच्या कागदांवर मालकाचें नांव असतें, तेंच त्याच्या वांट्यास येईल असें मुळींच नाहीं. नाताळसारख्या गर्दीच्या दिवसांत सूचनाही बरीच आधीं द्यावी लागते.

मग यांत खरी मालकी ती कोणती? पहिली गोष्ट किंमतीच्या चढउताराची. कराराची मुदत संपली कीं वांटा त्या वेळच्या बाजारभावानें परत विकला जातो. मध्यंतरीं विमानाचा भाव पडला असल्यास तोटा मालकाचा. कंपनीही त्यांतून सुटत नाहीं. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेनें नेटजेट्स १९९८ सालीं ७२ कोटी ५० लाख डॉलरांस घेतली. पुढें २००८ सालच्या मंदीनें विमानांचे भाव कोसळले, आणि २००९ या एका वर्षांत कंपनीस ७१ कोटी १० लाख डॉलरांचा तोटा आला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, पण सहज नजरेआड होणारी. भाड्याच्या विमानांत बसणारा मनुष्य केवळ उतारू असतो. उड्डाणाचें नियंत्रण भाड्यानें देणाऱ्या कंपनीकडे असतें. अंशमालकाचें तसें नाहीं. अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्यानें २००३ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें, तो स्वतःसाठीं विमान मागवितो तेव्हां त्या उड्डाणाचें नियंत्रण कायद्याच्या दृष्टीनें त्याच्याकडे असतें. व्यवस्था तो कंपनीवर सोंपवूं शकतो, जबाबदारी झटकूं शकत नाहीं. अपघात झाल्यास नुकसानभरपाईचा दावा आपल्यावरही येऊं शकतो, हें समजल्याची सही त्याला आधींच करून द्यावी लागते.

म्हणून असा वांटा घेणारानें दोन हिशेब करावयास हवे: वर्षांत आपण खरोखर किती तास उडतों, आणि मालक म्हणून येणारा भार उचलण्याची आपली तयारी आहे काय. वर्षाकांठीं मोजक्याच फेऱ्या करणारास भाड्याचें विमान पुरेसें होतें. अंशमालकींत विमानाचा वांटा एक आण्याचा मिळतो. त्या उड्डाणापुरती जबाबदारी मात्र सोळा आणे.