वजनाआधी ताण उतरवावा

सततचा ताण वजन कमी होण्याच्या आड येतो. आहार आवरला, व्यायाम सुरू केला, तरी काटा जागचा हलत नाही आणि दोष मनाच्या कमकुवतपणावर ढकलला जातो. प्रत्यक्षात त्यामागे बरेचदा शरीरातील संप्रेरकांची साखळी असते.

संकटाची चाहूल लागली की मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला जागे करतो आणि पिट्युटरीच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. त्यामुळे रक्तातील साखर वाढून पळायला किंवा झुंजायला बळ मिळते. संकट टळले की कॉर्टिसॉल ओसरते. ताण रोजचाच झाला, तर मात्र त्याची पातळी चढी राहू शकते. मग गोड आणि तळलेले खावेसे वाटते, चरबी पोटाभोवती साठू लागते आणि स्नायू झिजतात. काहींची भूक ताणाने मरते, पण अनेकांची वाढते.

वसई-विरारमध्ये हा ताण अनेकांच्या वेळापत्रकातच बसलेला आहे. चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून जुलै २००९ मध्ये येथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर; फास्ट लोकलनेही जवळपास दीड तास. पहाटे उठून डबा करायचा, गर्दीत चढायचे, उभ्याने जायचे, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव खायचा आणि रात्री दहाला जेवायचे, असा अनेकांचा दिवस असतो. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला तर झोप आणखी कमी येते.

अपुरी झोप हा या साखळीतला एक महत्त्वाचा दुवा. शिकागो विद्यापीठातील २००४ च्या प्रयोगात तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन घटले आणि भूक चाळवणारे घ्रेलिन वाढले. त्याच विद्यापीठाच्या २०१० च्या अभ्यासात जादा वजनाच्या दहा जणांना मोजका आहार दिला. झोपेसाठी साडेआठ तास असोत वा साडेपाच, दोन आठवड्यांत वजन सारखेच, सुमारे तीन किलो उतरले. पण पुरेशा झोपेत चरबी १.४ किलो गेली, अपुऱ्या झोपेत ०.६ किलोच, उरलेली घट स्नायूंसह चरबीव्यतिरिक्तच्या वजनाची होती.

म्हणून उपायांची सुरुवात झोपेपासून करावी. सात तास जमत नसतील, तर आधी अर्धा तास वाढवावा. त्यासाठी घरातली कामे सर्वांनी वाटून घ्यावीत आणि अंथरुणात मोबाइल नसावा.

दुसरा उपाय जेवणाच्या वेळांचा. परतीची गाडी पकडण्यापूर्वी भाजलेले चणे, शेंगदाणे किंवा वसईचे केळे खाल्ले, तर वडापावची ओढ कमी होते आणि रात्रीचे जेवण हलके ठेवता येते. उपासमार मात्र टाळावी. फार कमी खाण्यानेही कॉर्टिसॉल वाढते, असे अमेरिकेत २०१० मध्ये स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात दिसले. महिन्याला दीड-दोन किलो घट पुरेशी मानावी.

तिसरा उपाय श्वासाचा. गाडीत उभ्याउभ्याही सावकाश श्वास घेऊन त्याहून लांब उच्छ्वास सोडता येतो. पाच मिनिटांत हृदयाचे ठोके संथ होऊ लागतात. चौथा उपाय चालण्याचा. स्टेशन ते घर रिक्षाऐवजी पायी जावे. सुट्टीच्या दिवशी अर्नाळ्याच्या किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर फिरावे. जीवदानीच्या डोंगराला १३०० हून अधिक पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी त्या चढण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

प्रगती केवळ काट्यावर मोजू नये. पोटाच्या चरबीचा अंदाज कंबरेच्या घेरावरून येतो. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

एवढे करूनही वजन उतरत नसेल, तर थायरॉइड आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. स्टेरॉइडसारखी काही औषधेही वजन वाढवतात. ती मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलावे. उदासी, झोप उडणे किंवा खाण्यावरचा ताबा सुटणे आठवडेच्या आठवडे टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.