ईदचा बोकड आणि उन्हाळ्याचा चारा

बकरी ईदसाठी बोकड तयार करणाऱ्या शेतकऱ्याचे गणित गेल्या काही वर्षांत पार बदलून गेले आहे. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दरवर्षी तेवढीच अलीकडे सरकते. २०१७ साली ती २ सप्टेंबरला होती. पावसाचे अडीच-तीन महिने झालेले, माळावर-बांधावर गवत माजलेले, बोकड चरूनच अंग धरत. २०२५ साली ईद ७ जूनला आली आणि २०३० साली ती एप्रिलच्या मध्याच्या सुमारास येईल. म्हणजे ऐन विक्रीच्या वेळी माळ करपलेला आणि विहिरीने तळ गाठलेला. पुढची बरीच वर्षे ईदचा बोकड पावसावर नव्हे, तर जानेवारी-फेब्रुवारीत केलेल्या चाऱ्याच्या तजविजीवर तयार व्हायचा आहे.

कुर्बानीच्या बोकडाला एक वर्ष पूर्ण झालेले असावे लागते. म्हणून गिऱ्हाईक आधी दात पाहते, मग पाठीवर हात फिरवते. लंगडा, आंधळा किंवा अगदी खंगलेला बोकड चालतच नाही. मार्च ते मे या काळात वजन घटले तर नुसता भाव पडत नाही, जनावर परत आणावे लागते. मुंबईच्या देवनार बाजारापर्यंत गाडीभाडे भरून गेलेल्याला हे परत आणणे काय असते ते ठाऊक आहे.

तेव्हा हिशेब आधी करावा. तीस किलोच्या बोकडाला रोज साधारण तीन किलो हिरवा चारा, अर्धा किलो भुसकट आणि दोनशे ग्रॅम खुराक लागतो. वीस बोकडांना रोज साठ किलो हिरवा, दहा किलो वाळला आणि चार किलो खुराक. तीन महिन्यांचे धरले तर हिरवा चारा चोपन्न क्विंटल, भुसकट नऊ क्विंटल आणि खुराक साडेतीन क्विंटलच्या वर जातो. आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. पाण्याखालची आफ्रिकन टॉल जातीची चाऱ्याची मका एकरी पंधरा टन धरली, तरी एवढ्या हिरव्या चाऱ्याला पंधरा गुंठे रान पुरते.

मात्र पंधराही गुंठे एकाच दिवशी पेरू नयेत. बहुतेकांची चूक येथेच होते. सगळी मका एकदम फुलोऱ्यात येते, आठ-पंधरा दिवस चंगळ होते आणि मग ताटे लाकडासारखी होतात. त्याऐवजी जानेवारीच्या अखेरीपासून दर पंधरा दिवसांनी अडीच गुंठ्यांचा एक तुकडा पेरावा. त्याला दोन किलो बी लागते. पेरणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी, फुलोऱ्यापासून दाणा दुधात येईपर्यंत, तो कापावा. असा एक तुकडा वीस बोकडांना पंधरा दिवस जातो, तोवर पुढचा तयार होतो. चारा नेहमी कुट्टी करूनच टाकावा. अख्खी ताटे टाकली तर शेळ्या पाने खाऊन बाकीचे तुडवतात.

मकेचा पहिला तुकडा हाती येईपर्यंत लसूणघास, शेवरी आणि सुबाभूळ यांवर भागवावे. लसूणघास दवात भिजलेला, उपाशीपोटी कधीच देऊ नये. पोट फुगून जनावर तासाभरात आडवे होते. आधी भुसकट खाऊ घालावे, घास कापून थोडा सुकू द्यावा, मग टाकावा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. अधिक दिल्यास केस गळतात. पाण्याची शाश्वती असलेल्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये राहुरी कृषी विद्यापीठाच्या फुले जयवंत या संकरित नेपियर गवताचे ठोंबही लावून टाकावेत. ९० बाय ६० सेंटिमीटरवर एकरी साडेसात हजार ठोंब बसतात.

या दिवसांतला सर्वांत मोठा धोका मात्र रब्बी ज्वारीच्या रिकाम्या रानात असतो. काढणी झाल्यावर खुंटांना थोडी ओल मिळाली, एखादी अवकाळी सर आली की कोवळे फुटवे येतात. सगळीकडे वाळलेले आणि मध्येच हे हिरवेगार, त्यामुळे भुकेली शेळी नेमकी तिकडेच धावते. या फुटव्यांत धुरीन नावाचे द्रव्य असते आणि पोटात गेल्यावर त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. जुनी मंडळी याला किराळ लागणे म्हणतात. धाप लागते, तोंडाला फेस येतो, जनावर झोकांड्या खाऊन पडते. कित्येकदा काही मिनिटांतच खेळ संपतो. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ दवडू नये, पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे. यावर शिरेतून देण्याचे औषध आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काढणी होताच रान नांगरून टाकणे, निदान तिकडे कळप न सोडणे. चाऱ्यासाठी मुद्दाम पेरलेली ज्वारीही फुलोऱ्यावर आल्याशिवाय कापू नये. नीट वाळलेल्या कडब्याला ही भीती राहत नाही.

वाळल्या चाऱ्याचे म्हणाल तर तुरीचे आणि हरभऱ्याचे भुसकट खळ्यावरच घ्यावे. जानेवारी ते मार्चमध्ये शेजारी ते जागा अडते म्हणून देऊन टाकतो, मे महिन्यात तोच भाव सांगतो. ते छपराखाली, जमिनीपासून उंच ठेवावे. भिजून बुरशी धरलेले भुसकट फुकट मिळाले तरी महागच. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा आकडीने पाडून आणाव्यात, बोकड त्या आवडीने खातात आणि खुराकाची थोडी बचत होते.

दर पंधरा दिवसांनी बोकड काट्यावर घालून वजन लिहून ठेवावे. पुरेसे खाऊनही वजन वाढत नसेल तर लेंड्या तपासून जंतनाशक द्यावे, पण ईद तोंडावर आल्यावर नव्हे. औषध दिल्यावर किती दिवस मांस खाऊ नये हे बाटलीवर छापलेले असते. तेवढे दिवस ईदच्या आधी पुरते उलटतील असा बेत ठेवावा, आणि कोणते औषध कधी दिले ते घेणाऱ्याने विचारले नाही तरी सांगावे.