जुडी हिरवीगार, पण कस किती?

आम्ही बागवान. अहिल्यानगर शहराजवळ एकराच्या आतली बागायत आणि बाजारात भाजीची एक हातगाडी, एवढ्यावर आमच्या तीन पिढ्यांचं घर चाललं. त्यामुळे मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू यांच्याबद्दल आपल्याला सगळं कळतं, असा आमचा समज होता. तो गेल्या हिवाळ्यात मोडला.

सून सहा महिन्यांची गरोदर होती. तपासणीत हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "पालेभाज्या खात जा." अम्मी थक्कच झाल्या. "बाई, आमच्या घरी रोज पालेभाजीच असते की!" घरी येताना त्या एवढंच म्हणाल्या, "मग आपण पिकवतो त्यात आहे तरी काय?"

हा प्रश्न आमच्या एकट्या घराचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षं वयाच्या शंभरातल्या सुमारे ५४ स्त्रियांना रक्तक्षय आहे. भाजी पिकवणारी आणि विकणारी घरंही त्यात आलीच.

लेंडीखतापासून गोणीपर्यंत

दादांच्या काळात उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं शेतात बसवायची पद्धत होती. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्या आणि मूत्र जागच्या जागी जमिनीत जायचं. घरच्या बकऱ्यांचं लेंडीखत वाफ्यांना मिळायचं. पुढे गोणी आली. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत जवळपास २१ किलो. शेणखतात नत्र अर्धा टक्काच, म्हणजे टनामागे पाच किलो. वाहून न्यायला आणि पसरायला गोणी सोपी, शिवाय सरकारी अनुदानामुळे स्वस्त. मूठभर युरिया फेकून पाणी दिलं की चार-सहा दिवसांत पालकाचं पान गर्द होतं आणि तळहाताएवढं पसरतं. गिऱ्हाईकही तीच जुडी उचलतं. मग आम्हीही फेकतच राहिलो.

पानात नेमकं काय घडतं

नत्र हे पालेभाजीचं मुख्य अन्न आहे, यात शंका नाही. युरिया जमिनीत गेला की जिवाणू त्याचं आधी अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. मुळं हे नायट्रेट शोषतात आणि पान उन्हाच्या बळावर त्यापासून प्रथिनं बनवतं. बेताचं नत्र मिळालं तर पान वाढतं, हिरवं होतं, त्यातलं कॅरोटीनही वाढतं.

पण गरजेपेक्षा जास्त दिलं, त्यात आभाळ भरलेलं असलं, तर पानाला सगळं नायट्रेट वापरता येत नाही. ते तसंच साठतं, देठात अधिक आणि पात्यात कमी. पान पाण्याने फुगतं, त्यातला सुका अंश घटतो आणि क जीवनसत्त्व कमी होतं. अशी जुडी वजनाला भरते, पण संध्याकाळपर्यंत माना टाकते. कोवळ्या, रसाळ पानावर मावाही लवकर येतो.

नायट्रेटच्या नावाने घाबरून पालेभाजी सोडू नये. मोठ्या माणसांना भाजीचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. युरोपात मात्र ताज्या पालकात किलोमागे ३,५०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. जपायचं ते तान्ह्या बाळांना. त्यांच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच द्यावं, असं डॉक्टर सांगतात, त्याला हे आणखी एक कारण. जादा युरिया पाण्याबरोबर मुरून विहिरीत उतरतो, तेव्हा बाळाच्या वरच्या दुधात कोणतं पाणी जातं, हेही पाहायला हवं.

लोह असून नसल्यासारखं

आम्ही माती तपासून घेतली. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि बाभळेश्वर व दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रं आपल्या जिल्ह्यातच आहेत. आमच्या मातीत चुनखडी जास्त निघाली. सेंद्रिय कर्ब, लोह आणि जस्त कमी. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण पिकाला घेता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आम्ही ते पाहून इतकी वर्षं काय करत होतो? आणखी युरिया टाकत होतो! युरियात लोहाचा कणही नसतो.

अशा जमिनीला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यायला सांगतात. खत कुजताना त्यात आम्लं तयार होतात. ती लोह धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोचवतात. किती द्यायचं ते मातीच्या अहवालावरून ठरतं. शेजाऱ्याने टाकलं म्हणून आपण टाकू नये.

दोन वाफे

मग आम्ही शेजारी शेजारी दोन वाफ्यांत एकाच दिवशी पालक पेरला. एकाला नेहमीसारखा युरिया. दुसऱ्याला पेरणीआधी कुजलेलं लेंडीखत, निंबोळी पेंड आणि उगवल्यावर थोडासाच युरिया, तोही मातीत मिसळून. आपल्या चुनखडीच्या, तापत्या जमिनीवर युरिया नुसता वर फेकला तर त्यातला बराच अमोनिया होऊन हवेत जातो.

पहिला वाफा आठवडाभर आधी कापणीला आला आणि दिसायलाही देखणा होता. दुसऱ्याची पानं लहान आणि जाडसर. पण त्याची जुडी दुसऱ्या दिवशीही ताठ होती आणि दुसरी-तिसरी कापणी जास्त चांगली आली. पानात लोह किती, हे आम्ही प्रयोगशाळेत पाहिलेलं नाही, तेव्हा तसा दावा करत नाही. टिकाऊपणा आणि चव मात्र घरातल्या सगळ्यांना कळली.

सेंद्रिय म्हटलं की सगळं निर्दोष, असंही नाही. ओलं शेण वापरलं तर रोगजंतू थेट पानावर येतात. कोंबडीखत अती झालं तर नायट्रेट त्यानेही साठतं.

आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं आणि घरच्या खतावर परसबागा उभ्या केल्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांना दारातल्या चार कुंड्यांतही मेथी आणि माठ करता येतो.

शेतातून ताटात

शेवटचा युरिया आणि कापणी यांत निदान दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवावं. उन्हं चढल्यावर कापलेल्या पानात नायट्रेट कमी असतं. स्वयंपाकात पालकाचे जाड देठ काढावेत. शिजवलेला पालक बाहेर तासन् तास ठेवू नये. इफ्तारची उरलेली भाजी सेहरीला खायची असेल तर लगेच फ्रीजमध्ये ठेवावी.

आता लोहाचं. १०० ग्रॅम पालकात ते साधारण ३ मिलीग्रॅम, मेथीत साडेपाचच्या पुढे. स्त्रीची रोजची गरज २९ मिलीग्रॅम. त्यातही पालेभाजीतलं लोह शरीरात थोडंच शोषलं जातं. भाजीवर लिंबू पिळलं तर ते वाढतं, जेवणाबरोबर चहा घेतला तर घटतं. आमच्या घरी जेवण संपायच्या आत चहाचं आधण चढायचं! शेतातलं आणि सुनेचं दुखणं एकाच जातीचं निघालं: लोह समोर असून आत जात नव्हतं.

आता चहा तासाभराने होतो, ताटात लिंबाची फोड असते, मेथी-डाळ आठवड्यातून तीनदा असते आणि गोळ्या चालूच राहिल्या. बाळंतपणाआधी हिमोग्लोबिन साडेदहा झालं. यात गोळ्यांचा वाटा मोठा, हे सुनेने स्वतःच आम्हांला बजावलं.

आमच्या गाडीवरची जुडी आता थोडी लहान असते. गिऱ्हाईक विचारतं, "चाचा, आज माल हलका का?" अब्बा एक जुडी पाण्याचा शिपका न मारता त्यांच्या हातात देतात आणि म्हणतात, "घरी न्या, उद्या सकाळी बघा." बाजारातल्या धान्याच्या राशीत हात घालून आतलं ओलं धान्य हुजूर पैगंबरांनी (स.) बाहेर काढलं होतं, तो प्रसंग आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पाण्याने फुगवलेली जुडी विकताना तो आठवला नव्हता, याची आता लाज वाटते. काही गिऱ्हाइकं गेली. काही दुसऱ्या दिवशी परत आली, आणि त्यांनी दोन जुड्या नेल्या.