‘ए-४३१’ नांवाचा पेशीवंश

खेळतांना ज्याचा गुडघा कधीं फुटला नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत शोधूनही सांपडणार नाहीं. जखम चार दिवस ठणकते, तिच्यावर खपली धरते, आणि आठपंधरा दिवसांत खपली गळून खालीं नवी त्वचा दिसूं लागते. हें आपण इतक्या वेळां पाहतों कीं, त्यांत कांहीं नवल आहे असें आपणांस वाटत नाहीं. परंतु नवल आहे. तें असें कीं, जखम भरून येतांच ही वाढ थांबते. त्वचेला वाढावयास कोणीं सांगितलें, आणि थांबावयास तरी कोणीं सांगितलें? या प्रश्नाचें उत्तर शोधण्याच्या कामीं एका वृद्ध स्त्रीच्या रोगग्रस्त त्वचेचा जो उपयोग झाला, त्याची हकीकत आम्ही येथें देत आहों.

आपलें शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, अशा रीतीनें त्या वाढतात. मात्र निरोगी शरीरांत ही वाढ आज्ञेवांचून होत नाहीं. एखादी पेशी आज्ञेची वाट न पाहतां वाढूं लागली, तिची संतति आजूबाजूस घुसून शरीराच्या इतर भागांतही जाऊं लागली, म्हणजे त्या विकारास कर्करोग म्हणतात. पुष्कळ घरांत हें नांव उच्चारण्याचीही भीति वाटते, आणि रोग्यास शिवल्यानें तो आपणांस जडेल अशी कित्येकांची समजूत असते. ही समजूत खरी नव्हे.

जिवंत माणसाच्या शरीरांत पेशींचा अभ्यास करणें कठीण. म्हणून शास्त्रज्ञ त्या कांचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांत वाढवितात. परंतु माणसाच्या साधारण पेशी भांड्यांत सुमारें ५० वेळां दुभागल्यावर थांबतात, असें हेफ्लिक व मूरहेड यांनीं १९६१ सालीं दाखविलें. कर्करोगाच्या कांहीं पेशी मात्र थांबत नाहींत. त्यांपासून जी अखंड संतति चालते तीस ‘पेशीवंश’ म्हणतां येईल. आपल्या घरीं एका भांड्यांतील विरजण दुसऱ्यांत घालून दही वर्षानुवर्षें चालू ठेवितात, तसाच हा प्रकार होय. १९७३ सालीं अमेरिकेंत गिअर्ड व त्यांचे सहकारी यांनीं अनेक रोग्यांच्या गांठींतील पेशी वाढवून पाहिल्या. त्यांतील थोड्याच टिकल्या. टिकलेल्यांपैकीं एक वंश ८५ वर्षांच्या एका स्त्रीच्या त्वचेच्या कर्करोगापासून निघाला. त्यास ‘ए-४३१’ हें नांव मिळालें. ३७ अंश उष्णतेंत, साखर, क्षार, अमिनो आम्लें व वासराच्या रक्तांतील द्रव यांवर या पेशी पोसतात. नको असतील तेव्हां त्या उणें १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्यें गोठवून ठेवितात.

आतां दुसरा धागा घेऊं. स्टॅन्ले कोहेन या शास्त्रज्ञांनीं उंदराच्या लालापिंडाचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिलांस टोचला असतां, एरवीं दोन आठवड्यांच्या सुमारास उघडणारे त्यांचे डोळे एका आठवड्यांतच उघडले. डोळे उघडले, कारण पापण्यांची त्वचा लवकर वाढली. या अर्कांतील द्रव्य त्यांनीं वेगळें काढून १९६२ सालीं प्रसिद्ध केलें. तें अवघ्या ५३ अमिनो आम्लांचें एक लहान प्रथिन होतें. हीच त्वचेला मिळणारी एक आज्ञा! पण ही आज्ञा पेशी ऐकते कशी? पेशीच्या पृष्ठभागावर या द्रव्यासाठीं जणूं कुलपें असलीं पाहिजेत. साधारण पेशींवर तीं इतकीं थोडीं असतात कीं, अभ्यासास पुरेशीं हातीं लागणें कठीण.

येथें त्या वृद्धेच्या पेशी उपयोगीं पडल्या. ए-४३१ च्या एकेका पेशीवर अशीं सुमारें २० लक्ष कुलपें असतात. कारण तीं घडविणारा जीन त्यांच्यांत कित्येक पटींनीं वाढलेला आहे. कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या पेशींचीं आवरणें घेऊन १९७८ सालीं दाखविलें कीं, किल्ली कुलपांत बसतांच प्रथिनांस फॉस्फेटचे कण चिकटूं लागतात. आज्ञा आंत पोंचण्याचा आरंभ येथें होतो. १९८४ सालीं याच वंशाच्या साहाय्यानें कुलपाची संपूर्ण रचना वाचली गेली, आणि कोंबड्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचें प्रथिन त्याच्याशीं फार मिळतेंजुळतें निघालें. किल्लीवांचूनच उघडें राहिलेलें जणूं तें कुलूप! १९८६ सालीं कोहेन यांस रिटा लेव्ही-माँटाल्चिनी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

कुलूप कळल्यावर तें बंद करण्याची युक्ति सुचली. जॉन मेंडेलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ए-४३१ च्या कुलपांवर बसणारे प्रतिपिंड उंदरांकडून तयार करविले. त्यांपैकीं एकास माणसास सोसेल असें रूप देऊन सेटुक्सिमॅब हें औषध झालें. अमेरिकेंत त्यास २००४ सालीं आंतड्याच्या, व २००६ सालीं मस्तक व मान यांच्या कर्करोगासाठीं मान्यता मिळाली. तें सर्व रोग्यांस गुण देतें असें मात्र नव्हे. भांड्यांतील पेशी म्हणजे माणूस नव्हे, हेंही विसरतां कामा नये. ए-४३१ च्या पेशींस किल्ली फार दिली तर त्या वाढण्याऐवजीं मंदावतात! म्हणून भांड्यांत जें दिसलें तें रोग्यांवर कसोटीस लागल्यावांचून शास्त्र मान्य करीत नाहीं.

असे पेशीवंश आपल्याकडेही पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेंत जतन केलेले असून, तेथून ते देशांतील संशोधकांस मिळतात. आपल्या देशांत मुखाचा कर्करोग फार आढळतो, आणि तंबाखू हें त्याचें मोठें कारण आहे. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, तोंडांतील अथवा त्वचेवरील जी जखम दोनतीन आठवड्यांत भरून येत नाहीं ती लपवूं नये, डॉक्टरांस दाखवावी. वेळींच ओळखलेला रोग आटोक्यांत येण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो.

ज्या वृद्धेच्या पेशी जगभर गेल्या, तिचें नांव शास्त्रीय लेखांत नाहीं. केवळ वय व रोग यांची नोंद आहे. औषध निघालें तें ३० वर्षांनंतर. तिला त्याचा लाभ होणें शक्यच नव्हतें. आज अशा पेशी घेण्यापूर्वीं रोग्याची संमति घेण्याचा नियम आहे, आणि तें योग्यच आहे. विद्यार्थिमित्रहो, पुढें तुमच्यांपैकीं कोणी प्रयोगशाळेंत काम करूं लागला आणि ए-४३१ असें लिहिलेली कुपी त्याच्या हातीं आली, तर त्या अक्षराआंकड्यांमागें एक माणूस होतें याची त्यानें आठवण ठेवावी.