राणी ‘नाही’ म्हणाली तेव्हा

राजाचं लग्न रद्दबातल ठरवण्याचा विषय निघाला की आपल्याकडची लेखणी थेट आठव्या हेन्रीपाशी जाऊन बसते. एक लंपट राजा, एक चतुर अ‍ॅन बोलिन आणि त्यातून फुटलेलं चर्च! हे चित्र रंगवणाऱ्या विद्वानांशी माझं भांडण जुनंच आहे. लग्न मोडायची हौस राजांना नेहमीच होती आणि पोपही बहुधा ती पुरवत. प्रकरण पेटायचं ते राणी अडून बसली तर.

११५२ मध्ये फ्रान्सच्या सातव्या लुईपासून त्याची राणी एलिनॉर सुटली, कारण तिलाही सुटायचंच होतं. जवळच्या नात्याची सबब मिळाली, दोन महिन्यांत तिनं इंग्लंडच्या भावी राजाशी लग्न केलं आणि तिचं अ‍ॅक्विटेन त्या घरात गेलं. नकाशा बदलला, पण रोमची झोप मोडली नाही. १४९८ मध्ये बाराव्या लुईची राणी जान खटल्यात लढली. निकाल विरुद्ध गेल्यावर मात्र तिनं तो मानला. पोपच्या मुलाला, चेझारे बोर्जियाला, फ्रान्समध्ये ड्यूकपद मिळालं. सौदा पुरा झाला. नेपोलियन-जोसेफिनचा कागदी खेळ तर मी सोडूनच देतो.

माझी नायिका आहे डेन्मार्कची इंगबोर्ग. ऑगस्ट ११९३, आमिआं. फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपशी तिचं लग्न झालं, दुसऱ्या दिवशी राज्याभिषेक, आणि लगेच राजाचं मन फिरलं. का, ते आजतागायत कुणाला उमगलेलं नाही. चेटकापासून दुर्गंधीपर्यंत सगळे तर्क लढवून झाले आहेत. तीन महिन्यांत फ्रेंच बिशपांनी वंशावळ वाकवून नातं काढलं आणि लग्न रद्द केलं. फ्रेंचही न येणाऱ्या त्या पोरीनं भर सभेत रोमकडे दाद मागितली. फिलिपनं ११९६ मध्ये दुसरी राणी, आग्नेस, घरात आणली. पुढे तिसरा इनोसन्ट पोप झाला आणि १२०० च्या जानेवारीत त्यानं राजाच्या मुलखातली धर्मकृत्यंच थांबवली. देवळं बंद, मृतांना पवित्र भूमीत जागा नाही. सप्टेंबरात राजा नमला, पण कागदावरच. इंगबोर्ग पुढची कित्येक वर्षं एतांपला कोंडलेली. तिथून ती पोपला पत्रं धाडत राहिली. १२१३ मध्ये इंग्लंडवर स्वारीचे बेत चालले असताना फिलिपनं तिला राणी म्हणून परत घेतलं. त्याच्या मृत्यूनंतरही ती बारा-तेरा वर्षं जगली, राणी म्हणूनच. तिचं चित्रांकित स्तोत्रपुस्तक आजही शांतीयीच्या संग्रहालयात आहे. एका संपादकानं माझ्या लेखातला हा सगळा भाग एकदा ‘वाचकाला कोण ही बाई?’ म्हणून कापला होता. तो लेख मी परत मागवला.

आता आठव्या हेन्रीची राणी, कॅथरिन ऑफ अ‍ॅरागॉन. बायबलातली वचनं दोन्ही बाजूंना होती. ‘लेवीय’ हे पुस्तक हेन्रीच्या कामाचं, ‘अनुवाद’ हे तिच्या. पण १५२७ मध्ये रोम लुटलं ते तिच्या भाच्याच्या, सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्यानं, आणि पोप सातवा क्लेमंट त्याच्या मुठीत आला. त्याच वर्षी याच पोपनं हेन्रीच्या बहिणीचं, मार्गारेटचं लग्न निमूट रद्द केलं होतं! जून १५२९ मध्ये ब्लॅकफ्रायर्सच्या न्यायालयात कॅथरिन भर सभेत नवऱ्यापुढे गुडघे टेकून बोलली, उठली आणि चालू लागली. तीनदा पुकारा झाला, ती वळली नाही. खटला रोमला गेला. १५३३ मध्ये आर्चबिशप क्रॅनमरनं डन्स्टेबलला हेन्रीला हवा तो निकाल दिला. पाठोपाठ १५३४ चा सर्वोच्चतेचा कायदा, विरोध करणाऱ्या फिशर आणि मोर यांची मुंडकी, मठांची जप्ती. कॅथरिननं जानप्रमाणे मठ पत्करला असता, तर हे याच वाटेनं झालं असतं का?

हल्लीच्या मालिकांना या न्यायालयापेक्षा शयनगृहाची गोडी अधिक. दागिने तेवढे अस्सल, खटला दोन मिनिटांत आटोपलेला. आणि दिवाळी अंकही त्याच मालिका पाहून लेख मागवतात.

जिच्या हुंड्यात आपली मुंबई गेली, त्या कॅथरिन ऑफ ब्रगान्झालाही मूल नव्हतं. तिला सोडण्याचा आग्रह तिच्या नवऱ्याला, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला, अनेकांनी केला, त्यानं मानला नाही. गादी कॅथलिक भावाकडे गेली आणि १६८८ ची क्रांती झाली. मोडलेल्या लग्नांइतकं न मोडलेल्या लग्नांनीही राजकारण घडवलं आहे. त्यावर कुणी लिहीत नाही.

इंगबोर्गवर मराठीत स्वतंत्र पुस्तक हवं. माझं वय आता ते होऊ देणार नाही. कुणा तरुण अभ्यासकानं मनावर घेतलं, तर संपादकांकडून माझा पत्ता घ्यावा. टिपणांच्या वह्या मी आनंदानं देईन.